दोन डब्यांची रुंदी

वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मी मोटरसायकलवर पुढे-मागे लाल रंगात 'एल' रंगवून घेतला, तेव्हा निम्मं गाव हसलं. ते अक्षर त्यांना शाळेत मीच शिकवलेलं होतं, त्यामुळे मला तक्रार करायला तोंड नव्हतं.

आमचं गाव आष्टी-आलापल्ली रस्त्याला लागून. सूरजागडच्या डोंगरातलं खनिज घेऊन जाणारे ट्रक याच रस्त्याने जातात. एखादा बिघडला की मागे रांग लागते, आणि एसटी त्या रांगेत दोन-दोन तास उभी राहते. बायको होती तोवर मला याचं काही नव्हतं. शाळा गावातच, आणि बाजारहाट, बँक, औषधं सगळं ती करायची. मी आयुष्यभर घर ते शाळा आणि शाळा ते घर केलं. ती गेली तेव्हा अंगाला लावायचा साबण कोणता आणायचा, हेही मला दुकानदाराला विचारावं लागलं.

पावसाळ्यात मला ताप आला. एसटी आलीच नाही. शेवटी शेजारच्या मासेवाल्याने मला आपल्या गाडीवर मागे बसवून, गमछ्याने स्वतःच्या कमरेला बांधून दवाखान्यात नेलं. नागपूरला राहणाऱ्या माझ्या मुलाला हे कळलं आणि त्याने फोनवर जाहीर केलं, "बाबा, आता पुरे. आमच्याकडे या."

मी म्हणालो, मी कुठेही येणार नाही.

"मग निदान आष्टीला तरी एकट्याने जाऊन येता आलं पाहिजे," तो म्हणाला. "दिवाळीच्या आधी मी गाडी घेऊन येतो. तोवर तुमचं तुम्हाला जमत असेल तर राहा. नाही तर माझ्यासोबत निघायचं."

मी कबूल केलं. मास्तर माणूस, परीक्षा म्हटली की मागे कसा हटणार?

मुलाची कॉलेजातली मोटरसायकल ओसरीवर चादर पांघरून उभी होती. पूर्वी एकदा त्याने मला ती शिकवायचा प्रयत्न केला होता आणि पंधरा मिनिटांत आमचं भांडण झालं होतं. या खेपेला मी मासेवाल्याला गाठलं. तो रोज सकाळी तलावातला मासा घेऊन आष्टीला जातो. मोटरसायकलच्या दोन्ही अंगांना दोन निळे प्लास्टिकचे डबे, आणि तरी तो त्या ट्रकांच्या रांगेतून कुठेही न घासता निघतो. त्याने पहिल्याच दिवशी माझ्या गाडीला दोन रिकामे डबे बांधले.

"हे काऊन?" मी त्याच्याच बोलीत विचारलं.

"डबे असले का गाडी केवढी हाये ते समजते, गुरुजी. नाई तं मानसाले वाटते आपन लय बारीक हावो. मंग गुडघा ठोकते."

तलावाच्या पाळीवर महिनाभर शिकलो. कमी वेळा पडलो असं म्हणणार नाही. मग त्याने मला रांगेत कसं शिरायचं ते सांगितलं. पहिला गिअर, अर्धा क्लच, ब्रेकवर हलका पाय. पुढच्या चाकाकडे पाहायचं नाही, जिथे निघायचं आहे तिथे पाहायचं. ट्रकच्या पोटाखालून पलीकडे पाय दिसले तर थांबायचं, कारण कोणीतरी समोर येणार आहे. हवेचा ब्रेक फुस्स झाला की तो ट्रक हलणार, मग त्याच्या बाजूला राहायचं नाही. "आन् भेव वाटलं का उभे राहा जी. उभं राह्यल्यानं कोनी मरत नाई," तो म्हणाला.

पाळीवरचं शिक्षण संपल्यावर त्याने डबे सोडले, तर गाडी मला एकदम परकी वाटायला लागली. कुठून कुठपर्यंत आपण आहोत तेच समजेना. मी सरळ तलावातच जाणार होतो. तेव्हापासून डबे कायम राहिले. लर्निंग लायसन्सवाला निवृत्त मुख्याध्यापक मासे नसलेले माशांचे डबे घेऊन फिरतो, हे सगळ्या परिसराला माहीत झालं. आष्टीच्या चौकात बायका मला थांबवून विचारायच्या, "रोहू हाये का जी?"

पहिल्यांदा एकटा रांगेत शिरलो त्या दिवशी मधेच अडकलो. डावीकडे ट्रक, उजवीकडे ट्रक, पुढे वाट होती, पण माझी हिंमत संपली. इंजीन बंद करून तिथेच उभा राहिलो. दोन्हीकडे लाल धुळीने माखलेली चाकं माझ्या छातीपर्यंत आलेली. वर केबिनमधला ड्रायव्हर फोनवर घरी बोलत होता. त्याच्या खाली मी आहे हे त्याला दिसतही नव्हतं. मी तिथे पाऊण तास होतो. त्या पाऊण तासात मला जे वाटलं ते घरी रोज संध्याकाळी वाटायचं, फक्त घरी चाकं नव्हती. टीव्ही मोठ्याने लावला की घरात ते थोडं कमी व्हायचं. इथे टीव्ही नव्हता.

नंतर जमायला लागलं. एकदा कुठेही न थांबता आष्टीला पोचलो, बँकेचं काम केलं, चहा प्यालो, आणि लक्षात आलं की हे सांगायला कोणी नाही. मुलाला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता. मासेवाला बाजारात भेटला, पण त्याला यात सांगण्यासारखं काय आहे ते कळलं नसतं. तो तर रोजच पोचतो.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी मुलगा आणि सून निघाले. दुपारी त्याचा फोन आला. आमच्या गावापासून पाच-सहा किलोमीटरवर ट्रक आडवा झाला होता, आणि त्यांची गाडी रांगेत होती. "दीड तास झाला बाबा. हलायचं नाव नाही. इथूनच परत फिरावं लागेल असं दिसतं."

"थांब तिथेच," मी म्हणालो, "मी येतो."

"तुम्ही कसे येणार?"

मी फोन ठेवला आणि गाडी काढली.

इतकी मोठी रांग मी कधी पार केली नव्हती. आडव्या ट्रकाजवळ उतरून गाडी ढकलत नेली, कारण तिथे मातीत चाक रुतत होतं. पुढे दोन ओळी लागल्या होत्या, मधे एक माणूस आणि दोन डबे मावतील एवढी फट. पाय दिसले तिथे थांबलो. फुस्स झालं तिथे थांबलो. एका ड्रायव्हरने खिडकीतून हात काढून मला पुढे जायची खूण केली, आणि मला उगाचच भरून आलं. शेवटी मुलाची पांढरी गाडी दिसली. मी तिच्या बाजूला जाऊन गाडी स्टँडवर लावली, हेल्मेट काढलं. भुवयांपर्यंत लाल झालो होतो.

मुलगा बाहेर आला. तो माझ्याकडे पाहत राहिला, मग रांगेकडे, मग डब्यांकडे.

"एवढ्यातून आलात?"

"हो."

मला वाटलं होतं, तो चिडेल. या वयात हे काय चालवलंय, कुठे पडला असता तर, आता एक शब्द बोलू नका, बसा गाडीत. असं सगळं तो म्हणेल याची मी त्या रांगेत, ट्रकांच्या मधे, तयारी करत आलो होतो. मी थोडा वाद घालणार होतो. मग ऐकणार होतो.

तो हसला. त्याने माझ्या खांद्यावरची धूळ झटकली आणि म्हणाला, "मानलं बाबा तुम्हाला. आता मला काळजी नाही."

सुनेने खिडकीची काच खाली केली. डब्यांचा वास तिला आला असणार, पण तिने तसं दाखवलं नाही. तिनेही कौतुक केलं. फराळाचे डबे, नवीन ब्लँकेट आणि गोळ्यांची पाकिटं मागच्या सीटवरून माझ्या हातात दिली. मग नवऱ्याला म्हणाली, "मग बाबांसाठी ठेवलेल्या त्या खोलीत आता आपण पोरीचं अभ्यासाचं टेबल लावू या ना." ती सहज बोलली. तिची काही चूक नव्हती, त्याचीही नव्हती. अट त्याने घातली होती, मी मान्य केली होती आणि पास झालो होतो. शब्दाला जागणारा मुलगा मीच वाढवला.

मागच्या गाड्यांनी थोडी थोडी जागा दिली आणि त्याने गाडी वळवली. "घरी पोचलात की फोन करा," तो म्हणाला. त्यांची गाडी चंद्रपूरच्या बाजूला दिसेनाशी होईपर्यंत मी उभा राहिलो. मग ब्लँकेट आणि फराळ माशांच्या डब्यांत ठेवून, त्याच रांगेतून, आलो तसा परत आलो. कुठेही अडकलो नाही.

घरी पलंगावर माझी बॅग भरून ठेवलेली होती. चार जोड कपडे, स्वेटर, चष्म्याचं दुसरं घर, बायकोचा फोटो कागदात गुंडाळून. ती मी सकाळीच भरली होती, ते यायच्या आधी. वरच्या फडताळात बॅगेला जागा करून देताना फोन वाजला. मुलगा विचारत होता, पोचलात का. मी म्हणालो, पोचलो, काही त्रास झाला नाही. नंतर बसून एकेक कपडा परत कपाटात लावला.