बातम्यांसाठी पावडर

मुलाचा व्हिडिओ कॉल येणार म्हणून पावडरचा डबा उघडला आणि त्या वासानं मला घरात टीव्ही आला त्या संध्याकाळी नेऊन बसवलं. निंबोल्याहून आलेली नवी सून मी! दिल्लीहून बातम्या देणाऱ्याला आपण दिसतो, अशी माझी अक्कल. तोंडाला पावडर थापून, पदर घेऊन बसले. त्यानं नमस्कार करताच मीही लाजत केला. सासूबाई म्हणाल्या, "अवो रानी, तो तुले देखत नाही, कागद देखून राहिला!" टीव्ही बघायला जमलेली अख्खी गल्ली हसली.

आज मुलाचा कॉल आलाच नाही. पावडर वाया जाऊ नये म्हणून टीव्ही लावला. निवेदकानं नमस्कार केला, मीही केला. तो बघत नाही, हे आता पक्कं ठाऊक आहे. पण या घरात मला नमस्कार करणारं दुसरं कोणी उरलेलं नाही.