एकोणीस मार्चचे कोलाचे

टेक्सासातल्या त्या गावात सॉसेज कुणाचे चांगले, याचं उत्तर एकच होतं: अल्विन होलुबेत्सचे. आणि आजोबा कुणाचे थोर, याचंही उत्तर तोच देई, कुणी न विचारता. आजोबा फ्रांतिशेक तिकडून युरोपातल्या मोरावियातून एकटे आले, माळरान नांगरलं, चर्च उभं केलं. बायको बर्निस म्हणे, "दोन बिअर पोटात गेल्या की ह्यांचे आजोबा जहाजसुद्धा एकट्याने ओढत आणतात!"

यंदा अल्विनने आजोबांचं नाव कोरलेला ग्रॅनाइटचा दगड घडवून घेतला. इंटरनेटवर खणून खणून मूळ गावची एक नातलगही शोधली: ल्यूबा, फ्रांतिशेकच्या भावाची खापरपणती. एकोणीस मार्चला, आजोबांच्या वाढदिवशी, दगडावरचं कापड तिने काढायचं ठरलं. सगळं खानदान हॉलबाहेर जमलं.

आत टेबलावर कोलाच्यांचे, खसखस भरलेल्या गोड पावांचे, ढीग होते. ल्यूबाने एक उचलला.

"काका, एवढे कोलाचे आज कशाला?"

"आजोबांचा वाढदिवस ना! या दिवशी ते औताला हात लावत नसत. खायचं, वाजवायचं, नाचायचं."

ल्यूबा खळखळून हसली. "अहो काका, तेव्हा आमच्याकडे वाढदिवस कोण करत होतं? आपल्या नावाच्या संताचा दिवस करायचे. आणि आज तर संत योसेफचा. फ्रांतिशेकचा ऑक्टोबरात येतो."

"योसेफ? आमच्यात कुणी योसेफ नाही."

"आमच्यात आहेत. माझे खापरपणजोबा. पण ते कुठले टेक्सासला येतात! भाऊ जहाजावर जायच्या आठवड्यात नदीत बुडाले बिचारे. चेहरा राहिला नव्हता, कोटावरून ओळखलं. मागे गरोदर बायको. डावखुरे होते, फिडलसुद्धा डाव्या हाताने वाजवायचे म्हणे."

अल्विनने भिंतीकडे पाहिलं. तिथे आजोबांचा फोटो होता, फिडल वाजवतानाचा. गज डाव्या हातात. फोटोवाल्याने उलटा छापला म्हणून तीन पिढ्या हसत आल्या होत्या.

ल्यूबानेही पाहिलं. कोलाचा तोंडापर्यंत पोचलाच नाही.

"योसेफ इथे आला," अल्विन म्हणाला. "भावाच्या नावाने. बायकोला सोडून."

"आणि त्याच्या कोटात..." ल्यूबाने कोलाचा परत ढिगावर ठेवला. "काका, आम्ही दर वर्षी मेणबत्ती लावतो ती कुणाच्या कबरीवर?"

फ्रांतिशेक घसरला की त्याला कुणी ढकललं, हे सांगायला आता फक्त नदी उरली होती. योसेफने नाव टाकलं, बायको टाकली. नावाचा दिवस तेवढा त्याला टाकवला नाही.

"अहो, येताय ना?" बाहेरून बर्निस ओरडली. "की आजोबांनाच उठवू कापड ओढायला?"

सगळे हसले. अल्विन बाहेर आला. वाजवणाऱ्यांनी सूर धरला, त्याने हात वर करून थांबवला. टोपी काढली. आजोबांबद्दल बोलताना जन्मात पहिल्यांदाच त्याची जीभ अडली होती.

"कापड राहू दे," तो शेवटी म्हणाला. "खाली नाव चुकीचं आहे. आधी या पोरीचं ऐका. आणि कुणी हसू नका."