बाईंनी न केलेलं ऑपरेशन

डॉ. विमलताई कोऱ्हाळे यांची नि माझी पहिली भेट झाली ती नव्वदच्या दशकात, दौंडच्या त्यांच्या कान-नाक-घशाच्या दवाखान्यात. नर्सिंगचा कोर्स करून मी मुलाखतीला गेले होते. हाताला इतका घाम सुटला होता की सर्टिफिकेटाची कडा ओली झाली. बाईंनी विचारलं, "घाबरतेस का?" मी हो म्हटलं. "मग उद्यापासून ये. न घाबरणारी माणसं नाकात ठेवलेले बोळे मोजायला विसरतात," असं म्हणून त्या पुढच्या पेशंटकडे वळल्या. घाबरट म्हणून नोकरी मिळालेली बहुधा मी एकटीच असेन.

बाईंना आता साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांच्या गौरवग्रंथात सिस्टरनं लिहावं की नाही, या काळजीत माझा महिना गेला. पण एक गोष्ट आम्हा दोघींशिवाय कुणाला ठाऊक नाही, आणि बाई ती कधीच सांगणार नाहीत. म्हणून लिहिते.

आमच्याकडे नाकाचा पडदा वाकडा असणारी माणसं पुष्कळ. कुणाला कबड्डीत लागलेलं, कुणाला बैलानं ढुशी दिलेली. वाकडा पडदा आतल्या बाजूला टेकला की काहींचं डोकं दुखतं, पण सगळ्यांचं नाही. म्हणून बाईंची एक रीत होती. डोकं दुखत असतानाच पेशंटला बसवायचं, पडदा टेकतो तिथं बधिर करणाऱ्या औषधाचा बोळा ठेवायचा आणि थांबायचं. दुखणं ओसरलं तरच ऑपरेशनाचा विचार. आणि "थांबलं का?" असं चुकूनही विचारायचं नाही, "आता कसं वाटतंय?" एवढंच विचारायचं. आपण थांबलं का म्हटलं की माणूस हो म्हणून मोकळा होतो, असं त्या सांगत.

भांडगावचे एक आबा दर वेळी गोळी खाऊनच येत. "येस्टीत उभं ऱ्हायचं म्हंजी गोळी खावीच लागती, बाई." बाईंनी एकदा त्यांना घरच्या पडवीत बसवून घेतलं, जेवू घातलं आणि दुपारी डोकं ठणकू लागल्यावर तपासलं. बोळ्यानं काडीचा फरक पडला नाही. बाईंनी ऑपरेशनाला नकार दिला तसे आबा रुसले. "वाकडं दिसतंय तरी सरळ करंना, म्हंजी काय?" बाईंना कापायची भीती वाटते, असं त्यांनी गावभर केलं. बाईंच्या कानावर ते आलं तेव्हा त्या म्हणाल्या, "खोटं काय आहे त्यात?"

माझे यजमान रेल्वेत असिस्टंट ड्रायव्हर होते. त्यांचा पडदा चांगलाच वाकडा, आणि संध्याकाळ झाली की डाव्या भुवईवर कळ यायची. रेल्वेची मेडिकल तपासणी जवळ आली होती. इंजिनावरून खाली उतरवतील या धास्तीनं ते कुणाला काही सांगत नव्हते आणि त्या धास्तीनं मलाही घास जात नव्हता. एका मंगळवारी बाई शिरूरच्या दवाखान्यात गेल्या असताना ते दुखतं डोकं घेऊन आले. बाईंनी शिकवल्याप्रमाणे मीच बोळा ठेवला. दहा मिनिटं माझ्यानं धीर धरवेना. मी विचारलं, "थांबलं ना?" ते म्हणाले, "थांबलं." मी तसं कागदावर लिहिलं आणि बाईंनी त्यावर विश्वास ठेवून ऑपरेशनाचा दिवस ठरवला.

त्या दिवशी हे टेबलावर झोपलेले, ऑपरेशनाआधी द्यायच्या इंजेक्शनाची सिरिंज भरून माझ्या हातात. बाईंनी हातमोजे घातले, कागद पुन्हा वाचला आणि मला दाराबाहेर बोलावलं. "इथं 'थांबलं' लिहिलंयस. तू काय विचारलं होतंस?" माझ्यानं खोटं बोलवेना. बाईंनी आत येऊन मोजे काढले आणि त्या स्टूल ओढून यांच्या उशाशी बसल्या. "खरं सांगा, तेव्हा कसं वाटत होतं?"

हे म्हणाले, "काय बी फरक न्हवता, बाई. वाटलं, ऑपरेशन झालं म्हंजी सुटलो."

"दुखतं तेव्हा आणखी काय होतं?"

"दिव्याभवती रंगीत कडं दिसतं. सिग्नलच्या बी."

बाईंनी माझ्या हातातली सिरिंज काढून घेतली. बाकीचे पेशंट पुढच्या दिवसावर टाकून त्या स्वतः आम्हाला घेऊन पुण्याच्या गाडीत बसल्या. काचबिंदू निघाला. डोळ्यातला दाब मध्येच चढत होता आणि ते इंजेक्शन दिलं असतं तर तो भडकून नजर जाऊ शकली असती, असं तिथल्या नेत्रतज्ज्ञांनी सांगितलं. दोन्ही डोळे वाचले. इंजिन मात्र सुटलं, यांना शेडमध्ये काम मिळालं.

हे वर्षभर बाईंशी बोलले नाहीत. ऐनवेळी ऑपरेशन मोडून बाईंनीच नोकरीची वाट लावली, असं ते चारचौघांत म्हणत. माझा कागद चुकला होता, हे बाईंनी एका शब्दानं कुणाला कळू दिलं नाही. मीही घाबरून गप्प राहिले, इतकी वर्षं. याची मला लाज वाटते.

हा लेख पाठवण्याआधी मी यांच्या हातात दिला. मी स्वयंपाकघरात भांडी आवरत होते, पण सगळं लक्ष बाहेर. यांनी सगळी पानं वाचली, काही पुन्हा वाचली. मग आत आले.

"म्हंजी चूक तुझी, आन् राग मी बाईंवर काढला व्हय?"

मी हो म्हटलं.

"मी बी खोटंच बोललो व्हतो की." मग म्हणाले, "आता तुला सुईत दोरा ओवून कोण देतं? मीच ना, डोळं शाबूत ऱ्हायलं म्हणून? ह्ये लिही खाली. आन् मला बाईंकडं घिऊन चल."

बाई, सत्काराच्या दिवशी आम्ही दोघं येतो आहोत. तुमची प्रकृती ठणठणीत राहो, हात असेच स्थिर राहोत, आणि तुम्हाला इतकं आयुष्य मिळो की यांना तुमची माफी पुन्हा पुन्हा मागता येईल.