घोडे आवरा

आमचे हे खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. इंग्रजी बेताचंच, पण कुणा साहेबाच्या तोंडून उचललेलं एक वाक्य त्यांनी जन्मभर पुरवलं. ‘होल्ड युअर हॉर्सेस.’ दमानं घ्या, एवढाच त्याचा अर्थ. पण नुसता अर्थ सांगून यांचं समाधान होत नसे. क्वार्टरमध्ये आलेल्या प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर त्याची जन्मकथा ऐकावी लागे. पूर्वी तोफांचे गाडे घोडे ओढत. बार झाला की आवाजानं घोडे बुजत, म्हणून आधी हुकूम सुटे, घोडे धरा.

“तुम्ही होतात वाटतं तिथे?” मी विचारायची.

“नव्हतो. पण तू असतीस, तर तोफेआधी तूच सुटली असतीस.”

मी आहेच तशी. माहेरीही मला ‘सदा घोड्यावर बसलेली’ म्हणत. लग्नकार्याला निघायचं तर मी तासभर आधी चपला घालून दारात. आतून शर्टाची बटणं लावता लावता आवाज यायचा, “अगं, होल्ड युअर हॉर्सेस.” अस्सा संताप व्हायचा माझा!

तीन वर्षांपूर्वी यांच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. सगळं मराठी पुसलं गेलं, उरलं ते हे एक वाक्य. डॉक्टर म्हणाले, होतं असं, तोंडात बसलेलं तेवढं कधीकधी राहतं. मग पाणी हवं असलं तरी तेच, पाठ दुखली तरी तेच. खराडीहून मुलगा यायचा, ते ऐकून हसायचा आणि गॅलरीत जाऊन डोळे पुसायचा.

मला बाकी काही नको होतं. त्या वाक्याआधीचं ‘अगं’ तेवढं परत हवं होतं. रोज सकाळी मी समोर बसायची. “अहो, म्हणा ना. अ-गं.” हे माझ्या ओठांकडे बघत राहायचे, कपाळावर घाम यायचा, आणि शेवटी बाहेर पडायचे ते घोडेच.

मागच्या माघात मुलगा मुक्कामाला आला होता, तेव्हा एका सकाळी यांना श्वास लागला. मी फोनकडे धावले, तर यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि अगदी सावकाश म्हणाले, “होल्ड युअर हॉर्सेस.” दोन वर्षांत पहिल्यांदा ते वाक्य आपल्या जागी पडलं होतं. यांना खरंच तेच म्हणायचं होतं, की जवळ दुसरं काही उरलंच नव्हतं, कोण सांगणार? मुलाला हाक मारून फोन त्याच्याकडे दिला आणि मी बसले. आयुष्यात पहिल्यांदा, सांगितल्याबरोबर. दवाखान्याची गाडी यायच्या आत हे गेले. हात माझ्या मनगटावरच होता.

अजूनही कुठे निघायचं असलं की मी लवकर चपला घालून दारात उभी राहते. आतून कुणी काही म्हणत नाही. तरी थोडा वेळ थांबते.