केबिन थांबली तेव्हा ऐकू आलेले चार लूम

मी शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवते. वर्गात कुणी भुताटकीची गोष्ट काढली की मी आधी विचारते, वारा कुठून होता, उजेड किती होता, सोबत कोण होतं. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण त्या दिवशी आम्ही चौघं होतो आणि चौघांनी ऐकलं, म्हणून लिहिते.

आम्ही भिवंडीजवळ कोनला राहतो. मी, नवरा नितेश, दहा वर्षांची स्वरा आणि माझे सासरे. त्यांना मीही बाबाच म्हणते. वय एकाहत्तर. तरुणपणी भिवंडीत त्यांचे स्वतःचे चार लूम, म्हणजे यंत्रमाग, होते. त्या खडखडाटात वीसेक वर्षं काढल्यावर दोन्ही कान गेले. कानाचं मशीन लावलं तर समोर बसून बोललेलं कळतं. ते काढलं की मागून ट्रकने हॉर्न दिला तरी पत्ता नसतो, आमच्या ओठांकडे बघून अंदाज बांधतात.

गेल्या मे महिन्यात त्यांना बर्फ दाखवायला म्हणून आम्ही हिमाचलला गेलो. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण तिथल्या लोकांची यात काहीच चूक नव्हती. तिथे गोंडोला आहे. सहा जणांची काचेची केबिन, पायथ्यापासून शिखरापर्यंत वीस मिनिटं. केबिनमध्ये आम्ही चौघंच होतो. वाऱ्यात कानाचं मशीन शिट्टी मारतं म्हणून बाबांनी ते हॉटेलवरच ठेवलं होतं.

दुपारचे सव्वाबारा वाजले असतील. अर्ध्याच्या वर गेलो आणि समोरून धुकं आलं. आधी पुढची केबिन दिसेनाशी झाली, मग खालची झाडं... आणि एक हिसका बसून आम्ही थांबलो. नितेश म्हणाला, हवा खराब झाली की थांबवतात, होईल सुरू. पण केबिन हलत होती आणि स्वराने माझा हात घट्ट धरला होता. बाबांचा श्वासही जड झाला होता. मी मनात आकडे मोजत बसले, किती मिनिटं झाली ते.

तेवढ्यात तो आवाज सुरू झाला. खटाक-खटाक, खटाक-खटाक. खालून येत होता. भिवंडीकडच्या माणसाला हा आवाज कसला ते सांगावं लागत नाही. तरी मी आधी म्हटलं, वरच्या दोराच्या चाकांचा असेल. पण दोर तर थांबलेला होता. स्वराने हळूच विचारलं, "आई, इथे लूम कुठे आहेत?" मी नितेशकडे बघितलं. नितेश खाली बघत होता, खाली नुसतं पांढरं.

आणि मग माझं लक्ष बाबांकडे गेलं. ते मान तिरकी करून ऐकत होते. ऐकू न येणारा माणूस ऐकत होता. एकदम उठले आणि दोन्ही हातांनी दरवाज्याची फट ओढायला लागले.

"तिसरी मशीन बंद करा. हरीचा हात गेलाय."

केबिन जोरात झुलली. नितेशने मागून त्यांना कमरेला धरलं आणि म्हणाला, "बाबा, खाली बसा." बाबांची आमच्याकडे पाठ होती, त्याचे ओठ त्यांना दिसत नव्हते. तरी ते म्हणाले, "बसतो, आदी मशीन बंद कर."

नितेशचा चेहरा मी विसरणार नाही. एकाहत्तर वर्षांचा माणूस, पण नितेशला आवरत नव्हता. दरवाज्याचं रबर एका बाजूने सुटायला लागलं होतं. काय सुचलं माहीत नाही, मी दरवाज्याशेजारच्या पत्र्यावर जोरात हात मारला आणि म्हटलं, "बाबा, केली बंद." तिथे बटन वगैरे नव्हतं, सूचनांचा स्टिकर होता. पण आवाज थांबला. त्याच क्षणी. बाबा खाली बसले आणि तोंड झाकून रडायला लागले. दोन-तीन मिनिटांनी केबिन चालू झाली.

वर बर्फ होता, ऊन होतं, लोक फोटो काढत होते. आम्ही कुणी नीट बघितलंच नाही. नितेशने मागच्या केबिनमधल्या लोकांना विचारलं, त्यांना वाऱ्याशिवाय काही ऐकू आलं नव्हतं. मग चहाच्या टपरीवर त्याने मला हरीकाकांचं सगळं सांगितलं. बाबांचा धाकटा भाऊ. लूमच्या पट्ट्यात त्यांचा उजवा हात गेला, कोपरापासून काढावा लागला. काकांचं म्हणणं, मी ओरडत होतो, दादाने ऐकलं आणि कापड खराब होईल म्हणून मशीन लगेच थांबवली नाही. बाबांचं म्हणणं, मला ऐकूच आलं नाही. काका वाटणी घेऊन पडघ्याला गेले, तिथे दुकान टाकलं. तीसेक वर्षं दोघं बोलले नव्हते. माझ्या लग्नालाही काका आले नाहीत.

परत आलो त्या दिवशी एअरपोर्टवरून बाबांनी गाडी घरी नेऊ दिली नाही, सरळ पडघ्याला घ्यायला लावली. काका दुकानात होते. त्यांनी बाबांना ओळखलं, पण ये म्हटलं नाही. बाबा काउंटरच्या अलीकडे उभे राहिले आणि म्हणाले, "हरी, मना तवा ऐकू न्हाय आला. आता डोंगरावर आला. 'दादुस, आयसला सांगू नको,' असा वरडत व्हतास तू."

आयस म्हणजे त्यांची आई. काका डाव्या हाताने काउंटरची कड धरून उभे होते. मग म्हणाले, "ह्या मी कुनालाच सांगितला न्हाय. बायकोला पन न्हाय." आणि आतून खुर्ची आणून बाबांना बसायला दिली.

नंतर आम्ही बाबांचे कान तपासून आणले. पहिल्यासारखेच आहेत, काही फरक नाही. दोराचा आवाज, वाऱ्याचा आवाज, भिवंडीच्या कानांना लागलेली सवय... मी सगळं ताडून बघितलं. काकांच्या शब्दांपुरतं एकच स्पष्टीकरण मला सुचतं. ते शब्द बाबांना तेव्हाच ऐकू आले असणार, आणि इतकी वर्षं त्यांनी ते स्वतःपासूनही लपवले असणार. पण मग आम्हा तिघांना काय ऐकू आलं? आणि हे स्पष्टीकरण खरं असेल तर काका इतकी वर्षं जे म्हणत होते तेही कदाचित खरं ठरतं. हल्ली काका दर रविवारी कोनला जेवायला येतात. दोघं ओटीवर शेजारी बसतात, फार बोलत नाहीत. मी वर्गात मुलांना सांगते, प्रश्न विचारायला घाबरू नका. बाबांना तेव्हा खरंच ऐकू आलं होतं का, हा एक प्रश्न मात्र मी घरात विचारलेला नाही, आणि विचारणारही नाही.