पुढची चाकं, मागची चाकं

मिस्त्री कुणाच्या शब्दावर काम करत नसत. कंपनीने ठोकलेल्या पत्र्यावरच्या आकड्यावरसुद्धा त्यांचा विश्वास नव्हता. टायरवर खडूची एक रेघ, शाफ्टवर एक रेघ, मग चाक हाताने फिरवून शाफ्टचे फेरे मोजायचे, की गिअरचं प्रमाण कळलं. मध्येच कुणी बोललं की पुन्हा पहिल्यापासून. "माणूस खोटं बोलतंय, गिअरचं दात न्हाय बोलत," असं ते म्हणत.

कोल्हापूरच्या शाहूपुरीत त्यांची पत्र्याची शेड होती. आमच्याकडे मिस्त्री बदलणं हे सोयरीक मोडण्याइतकंच गंभीर. एरवी ते मला गुरुजी म्हणत, कारण मी शाळेत शिकवतो. पण एकदा दुसरीकडे नुसता आरसा बसवून घेतला, तर महिनाभर त्यांनी मला 'पावणं' म्हणून हाक मारली. अनोळखी माणसाला मारतात तशी. शिव्या परवडल्या असत्या.

माझा थोरला भाऊ, दादा, पन्हाळ्याच्या मागे वाडीवर राहायचा. त्याची जुनी डबल केबिन पिकअप होती. पुढे घरची माणसं, मागे दुधाचे कॅन. तिच्या मागच्या चाकांच्या गिअरचं हाऊसिंग मिस्त्रींनी स्वतः बांधलेलं. पुढे दादाच्या किडन्या गेल्या आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिसला कोल्हापूर गाठणं भाग पडलं. पावसाळ्यात वाडीच्या चढणीला तांबडी चिकण होते, मागच्या दोन चाकांवर गाडी चढत नाही. आदल्या पावसात त्याला झोळीत घालून खाली आणला होता. शहरात माझ्याकडे राहा म्हटलं, तर म्हशींचं नाव पुढे करायचा. म्हणून पिकअपला फोर-व्हील करायचं ठरलं. आरटीओची परवानगी मी आणली.

मिस्त्री आधी नको म्हणाले, मग दादासाठी तयार झाले. भंगारातल्या एका फोर-व्हील गाडीचा पुढचा ॲक्सल आणि पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा मधला डबा त्यांनी हुडकून आणला. पुढच्या आणि मागच्या गिअरचं प्रमाण एकच लागतं, नाहीतर चारी चाकं जोडली की पुढची एकीकडे ओढतात, मागची दुसरीकडे, आणि मध्ये डबा फुटतो. पुढचा ॲक्सल त्यांनी तीनदा मोजला. मग मला विचारलं, "गुरुजी, मागचं माझ्या हातचंच हाय न्हवं? कुठं उघडलं न्हाय?"

उघडलं होतं. दोन वर्षांपूर्वी मिस्त्री डोळ्याच्या ऑपरेशनमुळे घरी असताना ऊस भरून न्यायला दादाने मागे जास्त ताकदीचा क्राऊन, म्हणजे वेगळ्या दातांचा गिअर, बसवून घ्यायला सांगितलं होतं. मीच गाडी दुसऱ्या गॅरेजात नेली होती. ते 'पावणं' पुन्हा ऐकायची माझी तयारी नव्हती. मी नाही म्हणालो. ते बरं म्हणाले आणि पुढच्या कामाला लागले.

सोमवारी गाडी तयार झाली. मंगळवारी घेऊन येतो, असं मी दादाला कळवून टाकलं होतं. पाऊस लागून चार दिवस झाले होते आणि त्याची डायलिसिसची एक खेप चुकली होती. मिस्त्रींनी डांबरी रस्त्यावर चारी चाकं जोडली. गाडी हिसके देत थोडी गेली आणि डबा तडकला. त्यांनी ती ढकलत आणून मागून उचलली, रेघा मारल्या, फेरे मोजले. मग हाऊसिंग उघडलं आणि आतल्या परक्या क्राऊनचे दात एकेक करून मोजले.

"पावणं, आता आठ दिस लागतील," ते म्हणाले.

आठ दिवस हे दादाला सांगायला माझी जीभ रेटली नाही. एक-दोन दिवसांत येतो, असं फोनवर सांगितलं. वाडीतली माणसं झोळी घेऊन दारात आली होती. गाडी येतीया तर कशाला, म्हणून त्याने ती परत पाठवली. शुक्रवारी सकाळी तो गेला. मी पायी चढून गेलो. चिखलात माझी चप्पल अडकली, ती मी काढत बसलो होतो एवढं लख्ख आठवतं. रडू आलं नाही. अजूनही आलेलं नाही.

दहाव्याला मिस्त्री पिकअप स्वतः चालवत वर आले. चढणीवर चाक कुठेही घसरलं नाही. दादाच्या एका म्हाताऱ्या दोस्ताने उठून गाडीभोवती चक्कर मारली आणि तो परत खाली बसला. मिस्त्री टोपी हातात घेऊन वहिनींसमोर बसले.

"चूक माझी हाय, वहिनी. मागचं मोजायचं राहिलं माझ्याकडनं."

मी तिथेच होतो, दोन हातांवर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तेव्हा बोलता आलं असतं. मी पाहुण्यांना पाणी द्यायला उठलो. किल्ली वहिनींच्या पुढे ठेवून ते तसेच पावसातून चालत खाली गेले.

त्यानंतर मी त्यांच्या शेडकडे फिरकलो नाही. गेल्या वर्षी ते वारले. मी मातीला गेलो आणि मागच्या ओळीत उभा राहून परत आलो.

पिकअप आता पुतण्या चालवतो, भर पावसातही दूध खाली येतं. वाडीवर गेलो की वहिनी चहा करतात आणि कधी ना कधी विषय निघतोच. "त्या मिस्त्रीनं आठ दिस घालवलं, भावजी. न्हायतर हे आज असतं," त्या म्हणतात.

मी व्हय म्हणतो.