शिळी लाईट

धुरपदाअक्काच्या शेडवर 'ऑटो इलेक्ट्रिक वर्क्स' अशी पाटी आहे, पण ती वाचून तिथं कुणी जात नाही. कारेगावच्या चौकात नुसतं म्हणायचं, "गाडीची लाईट गेलीय." समोरचा शेडकडं हात करतो आणि वर सांगतो, "काम होईल, पण बोलणी खायची तयारी ठेवा." दोन्ही गोष्टी शंभर टक्के खऱ्या. बॅटरीत बोअरचं पाणी ओतणाऱ्या एका ट्रकवाल्याला अक्का चारचौघांत म्हणाली होती, "उद्या तू दवाखान्यात पडलास की तुझ्या सलाईनमधी बी बोअरचंच पाणी घालू का रं?" तो गडी अजून तिच्याकडंच येतो. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन पुढ्यात धरून, शहाण्यासारखा.

अक्काचं माहेर कवठे येमाईचं. वस्तीवरच्या विहिरीचा स्टार्टर बिघडला की वायरमनची वाट बघता बघता कांद्याचं रोप माना टाकायचं. तेव्हाच्या पोरसवदा धुरपदानं एकदा पायात रबरी चप्पल घातली, मेन स्विच खाली ओढला आणि स्टार्टर उघडून काळी पडलेली कॉन्टॅक्टं घासून पुसून लख्ख केली. मोटर चालू झाली. बापानं आधी दोन शिव्या हासडल्या आणि मग शेजारच्या वस्तीवर जाऊन सांगितलं, तुमचा स्टार्टर गेला तर आमची पोर पाठवतो. लग्न झालं ते हौशीराम नावाच्या ट्रक ड्रायव्हरशी. नवऱ्याच्या ट्रकचे दिवे दुरुस्त करता करता शेजारच्या ट्रकचे झाले, आणि रांजणगावला कारखाने आल्यावर ट्रकांची रांगच लागली. सुरुवातीला लोक हसायचे. बाईनं वायरिंगला हात लावला तर गाडी रस्त्यात उभी राहील म्हणायचे. मग एकेकाची गाडी खरंच रस्त्यात उभी राहिली, ती दुसरीकडं दुरुस्त केलेली. हसणं आपोआप थांबलं. आता कंबर धरल्यामुळं हौशीराम घरीच असतो. शेडच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसतो, गिऱ्हाइकाला चहा पाजतो आणि बायकोचा राग जरा सौम्य करून सांगतो.

तिची एक पद्धत मात्र जगावेगळी. गाडी आली की बाकीचे मीटर काढतात. अक्का आधी मालकाला टायरवर बसवते आणि म्हणते, "गाडीत पाय ठेवल्यापासनं उतरंस्तवर काय काय करता, समदं सांगा." लोक कावतात, घाई आहे म्हणतात. ती ऐकत नाही. "मीटर आजचं सांगतो. कालपरवाचं माणसालाच ठावं असतं," हे तिचं ठरलेलं उत्तर.

तर एका सकाळी या शेडपुढं एक अजब वाहन येऊन उभं राहिलं. जुनी मिनीबस, पण खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे, आत पलंग, छोटा फ्रीज, ओटा, बेसिन, दोन पंखे. पुण्याच्या कुणा हौशी माणसानं बसचं घर बनवून घेतलं होतं, चार राज्यं हिंडून त्याची हौस फिटली होती. ती घरगाडी विकत घेतली होती कासुर्डीच्या पोपटरावांनी. कांदा-उसाचे जुने बागायतदार, साठी ओलांडलेले, डोळे मात्र तांबारलेले. बरोबर त्यांचा मुलगा विक्रम होता. रांजणगावच्या कारखान्यात सुपरवायझर, राहायला इथंच कारेगावात.

शेतकऱ्याला कशाला हवी घरगाडी? गावात लोकांनी चेष्टाही केली, म्हातारा हनिमूनला निघालाय म्हणून. पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं. पोपटरावांची बायको पुतळाबाई, त्यांना झोपेत श्वास अडकण्याचा आजार जडला होता. झोपताना नाकावर मास्क लावायचा, त्याला नळी, नळीला मशीन, आणि मशीनला लाईट. लाईट नाही तर झोप नाही. रेल्वे नको, एसटी नको, पाहुणचार नको. आणि त्यांची मुलगी नीलम दिलेली इंदूरला. तिचं पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणं कासुर्डीला व्हायचं, पण आईचीच ही गत म्हणून तिनं तिकडंच उरकून घेतलं. मुलगी झाली. नीलमनं बारसंच अडवून धरलं. आई येऊन पाळण्यात घालील तेव्हाच नाव ठेवायचं, तोवर नाही. नातीला बसता यायला लागलं तरी ती नुसती 'बाळ'च होती.

म्हणून ही घरगाडी. गाडीत मागं वेगळी मोठी बॅटरी, तिच्यावर आतलं सगळं चालणार, पुतळाबाईंचं मशीनसुद्धा. कागदावर सगळं झ्याक होतं. पण बघावं म्हणून जवळच्या पाहुण्यांच्या दारात गाडीतच मुक्काम केला, तर मशीन मध्येच बंद पडलं. पुतळाबाई गुदमरून उठल्या. पुढं दोनदा तेच. इतर गॅरेजवाल्यांनी बॅटरी बदलली, अल्टरनेटर बदलला, वायरिंग अर्धंअधिक नवं टाकलं. दुखणं रेड्याला आन् डाग पखालीला. गॅरेजात सगळं चालायचं आणि गाडी परत पोपटरावांच्या हातात गेली की चार दिवसांत पहिले पाढे पंचावन्न.

"अक्का, शेवटचं बघा," विक्रम म्हणाला. "दौंडचा एक हॉटेलवाला रविवारी येणार आहे, त्याला वडापावची गाडी करायचीय. मी हो म्हणून बसलोय. हायवेला कुठंतरी मशीन बंद पडलं आणि आईला काही झालं, तर नीलमला काय तोंड दाखवू मी?"

पोपटराव घरगाडीच्या पत्र्यावर हात ठेवून उभे राहिले. अक्कानं त्यांच्याकडं बघितलं आणि तिच्या लक्षात आलं की पोरानं गाडी विकायला काढलीय खरी, पण हा माणूस ती विकू देणार नाही आणि ठेवूनही त्याला धीर होणार नाही. गाडी गेली तर पुतळाबाई इंदूरला कधीच जाणार नव्हत्या. हे तिघांनाही ठाऊक होतं.

विक्रमला कंपनीतून फोन आला म्हणून तो रस्त्याच्या कडेला गेला. अक्कानं टायर पुढं ढकलला. "मामा, बसा. सांगा आता."

"काय सांगू? सकाळी उठतो, च्या घेतो, जनावरांकडं जातो..."

"मला तुमच्या म्हशीची धार न्हाई काढायची. गाडीत पाय ठेवल्यापासनं सांगा."

पोपटराव नीट, सावकाश सांगू लागले. काही लपवावं असं त्यांना वाटलंच नाही. मुक्काम असो-नसो, रोज दुपारी ते दोन्ही पंखे लावायचे, सगळे दिवे लावायचे, फ्रीज चालू ठेवायचे. पार सगळं बंद पडेपर्यंत.

"ते कशापायी?" अक्कानं विचारलं.

"शिळी लाईट काढून टाकाया."

अक्काच्या हातातला पाना हातातच राहिला.

"आवो, कालपरवाची भरल्याली लाईट असती ती," पोपटराव समजावून सांगू लागले. "हिच्या जिवाचं मशीन हाय, त्याला शिळी लाईट कशाला द्यायची? घरात हंड्यातलं पानी बी ती रोज सकाळी वतून देती, शिळं म्हनून, आन् ताजं भरती. आन् विहीर बी तळापातूर उपसल्याबिगर झरं मोकळं व्हत न्हाईत. मंग सांजच्याला तासभर इंजिन चालू करतो आन् ताजी भरतो."

खुर्चीवर हौशीरामला हसू फुटणार होतं. अक्कानं त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं चहाच्या कपात तोंड घातलं.

एवढी मोठी बॅटरी रोज तळाला न्यायची आणि तासभर इंजिन धडधडवून त्यात मूठभर भरायची. आंधळं दळत होतं आणि कुत्रं पीठ खात होतं, आणि मशीनला रात्री उरत होता निव्वळ चाळणीतला कोंडा. नवी बॅटरीही अशी रोज कोरडी केली तर मरणारच. गॅरेजात मात्र कुणी ती उपसत नव्हतं, म्हणून तिथं सगळं ठीक. तिघा गॅरेजवाल्यांनी गाडी तपासली, या माणसाला कुणी दोन मिनिटं बसवलं नाही.

अशा वेळी अक्काच्या तोंडून काय बाहेर पडलं असतं, ते कारेगावातला कुणीही सांगेल. पण ती उकिडवी बसली, पोपटरावांच्या समोर, आणि तिचा आवाज चक्क खाली आला.

"मामा, मामी दही कसं लावत्यात?"

"कसं म्हंजी? इरजन लावून."

"आन् इरजन कुठनं येतं?"

"कालच्या दह्यातलं."

"मंग कालचं दही शिळं म्हनून समदं वतून दिलं तर?"

पोपटरावांनी मान वळवून गाडीकडं बघितलं.

"बॅटरी हंडा न्हाई आन् विहीर बी न्हाई," अक्का म्हणाली. "ते दह्याचं गाडगं हाय. निम्मं खायचं आन् निम्मं ठिवायचं. ठिवल्यालं नसलं तर नवं लागत न्हाई. लाईट शिळी व्हत न्हाई, मामा. संपती निस्ती."

"म्हंजी मीच..." पोपटराव म्हणाले. इतकी काळजी घेऊन आपणच बायकोचा श्वास तोडत होतो, हे त्या माणसाच्या चेहऱ्यावर उमटताना अक्काला बघवेना. ती उठली आणि गाडीखाली शिरली.

खाली आणखी एक खोट निघाली. बॅटरीकडून चॅसीला येणारी अर्थिंगची जाड वायर गंजलेली, आणि जिथं ती बोल्टनं आवळलेली तिथं कुणीतरी ऑइलपेंट फासलेला. गाडी चालतानाही मागं भरायचं ते अर्धंच भरत होतं. अक्कानं पत्रा घासून उघडा केला, नवी वायर टाकली, ग्रीस लावलं. मागची बॅटरी तर केव्हाच गेली होती. ती उपटून बाजूला ठेवली आणि शेडमधल्या इन्व्हर्टरची बॅटरी, ज्याच्यावर तिचा स्वतःचा पंखा चालतो, ती काढून गाडीत बसवली.

"आन् आपण काय वारा पदरानं घ्यायचा?" हौशीराम म्हणाला.

"तुम्ही घ्या. मला उकडत न्हाई."

विक्रम फोन संपवून आला. "काय होतं हो अक्का?"

"अर्थिंग," अक्का म्हणाली. खोटं नव्हतंच ते. "गंजलं हुतं पार."

पोपटरावांनी खाली मान घातली होती ती वर केली. "एकटं अर्थिंग न्हाई रं. मीच रोज उपसून टाकीत हुतो. शिळी म्हनून." आणि त्यांनी लेकाला सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. विक्रम ऐकत राहिला. हसला नाही, चिडलाही नाही.

"तरी पण अक्का, आईचा विश्वास उडालाय," तो शेवटी म्हणाला. "ती आता गाडीत डोळा मिटायची नाही."

"मंग उद्या हितं आणा त्यास्नी. दुपारी माझ्यासमोर निजू द्या."

दुसऱ्या दिवशी पुतळाबाई आल्या. ठेंगण्या, अंगानं भरलेल्या, चालताना दर चार पावलांना थांबणाऱ्या. गाडीची पायरी चढताना त्यांनी पदर मुठीत घट्ट धरला. अक्कानं त्यांना आत नेऊन पलंगावर बसवलं, मशीन जोडलं, आणि वर दोन्ही पंखे, दिवे, फ्रीज सगळं चालू केलं.

"मामी, रातभराचं वझं दुपारीच टाकलंय. ह्यात टिकलं तर इंदूर काय, काश्मीरला जा."

"बंद पडलं तर गं?"

"तर मी हाय की. ह्या खिडकीला उभी हाय."

आणि ती खरंच उभी राहिली. मध्ये दोन ट्रक आले. एकानं हॉर्न वाजवला, तर अक्का अशी धावून गेली की त्यानं गाडी परत हायवेला घेतली. दिवसभराचं गिऱ्हाईक तिनं हातानं खुणा करकरून घालवलं. मीटरची दोन टोकं बॅटरीला लावलेली, काटा जागचा हलत नव्हता म्हटलं तरी चालेल. आत मशीन एकसारखं फुरफुरत होतं. पुतळाबाई आधी नुसत्या पडून होत्या, मग त्यांची मूठ सैल झाली, मग कूस वळली. लागली झोप. अक्काला एवढा आनंद झाला की तिनं हौशीरामच्या पाठीत धपका घातला.

पोपटराव मात्र गाडीच्या दारात पायरीवर बसले होते, मशीनच्या आवाजाकडं कान लावून. चहा नको, पाणी नको. विक्रमनं दोनदा हाक मारली, ते जागचे हलले नाहीत. ऊन कलंडलं आणि सावली पायरीवर आली, तेव्हा त्यांची मान दाराच्या चौकटीला टेकली. थोड्या वेळानं ते घोरायला लागले.

पुतळाबाईंना जाग आली ती त्या आवाजानं. त्यांनी मास्क काढला. मशीन चालूच होतं, पंखे फिरत होते, पण त्यांचं तिकडं लक्ष नव्हतं. त्या नवऱ्याकडं बघत राहिल्या.

"ह्यास्नी झोपल्यालं मी कवा बघितलं न्हाई," त्या हळूच म्हणाल्या. "मशीन आल्यापासनं न्हाई. मी उठते तवा हे बसल्यालेच असत्यात. घरी बी. मला वाटायचं, म्हातारपणामुळं झोप उडली असंल."

विक्रमला हे माहीत नव्हतं. कारेगावात राहून कसं माहीत असणार? तो बापाच्या तांबारलेल्या डोळ्यांना बागायतीचं ऊन समजत होता. त्यानं खिशातून फोन काढला, दौंडच्या हॉटेलवाल्याला लावला आणि गाडी विकायची नाही एवढंच सांगून ठेवून दिला. मग तो पायरीशी आला, बापाच्या काखेत हात घातला. म्हाताऱ्यानं डोळे किलकिले केले आणि पहिला प्रश्न विचारला, "मशीन?"

"चालू हाय, आबा. तुम्ही आत निजा." विक्रमनं त्यांना पलंगाशी नेलं. पुतळाबाई भिंतीकडं सरकल्या. "मी रजा टाकतो. इंदूरपर्यंत गाडी मी चालवतो. तुम्ही मागं आईजवळ झोपून यायचं."

पोपटराव काहीतरी बोलणार होते, पण तोवर ते पुन्हा झोपलेही होते. पुतळाबाईंनी पायथ्याची चादर ओढून त्यांच्या अंगावर घातली. धुरपदाअक्कानं खिडकीचा पडदा सारला, दोनांतला एक पंखा बंद केला, आणि दार आवाज न करता लोटून घेतलं.